सांगोल्याची बेरीज

निवडणूक तोंडावर आली की आपल्याकडे एकच चर्चा रंगते. तिकीट कुणाला? ए-बी फॉर्म कुणाच्या हाती पडला, रात्रीतून कुणी पक्ष बदलला, माघारीच्या दिवशी कुणाचा फोन बंद लागला. जणू आमदारकीची लढत म्हणजे हेच पंधरा-वीस दिवस. हा समज ज्यांचा पक्का आहे, त्यांनी एकदा सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या लढतीकडे नीट पाहावं.

गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) इथून पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ साली अकराव्यांदा. मध्ये दोनदाच हरले, १९७२ आणि १९९५ साली. दुसऱ्या खेपेला १९२ मतांनी. हरवणारे होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. पुढे मात्र बापूंच्या वाट्याला पराभवच आले. पक्ष बदलले, झेंडा बदलला, तालुका तोच राहिला. पुन्हा विधानसभेत पोचायला त्यांना २०१९ उजाडावं लागलं, आणि तेही गणपतरावांनी वयोमानामुळे मैदान सोडल्यावर. एवढी वर्षं हरत राहूनही गट टिकवून ठेवणं सोपं नसतं. सत्ता नसताना कार्यकर्त्याच्या घरचं लग्न चुकवायचं नाही, बारावं चुकवायचं नाही, तहसील कचेरीतलं त्याचं काम अडलं तर फोन उचलायचा. विजयी आमदारांची चरित्रं निघतात. हरलेल्याच्या या खर्चाचा हिशोब कुणी मांडत नाही. निवडणूक आयोगाची चाळीस लाखांची मर्यादा तर अर्ज भरल्यापासून लागू होते!

गणपतरावांबद्दल लिहिताना सगळे एसटीच्या प्रवासावर थांबतात. साधेपणा खराच होता, पण साधी माणसं गावोगाव असतात आणि ती ग्रामपंचायतीलाही पडतात. गणपतरावांचं खरं बळ संघटनेत होतं. पावसाने पाठ फिरवलेल्या या माणदेशी तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी सभागृहात वर्षानुवर्षं तोच प्रश्न तितक्याच चिकाटीने विचारला. गावागावांत लाल बावट्याचे कार्यकर्ते होते आणि त्यांना पक्षाची शिस्त ठाऊक होती. गणपतरावांना सगळे आबासाहेब म्हणत. (सांगोल्याच्या राजकारणात आबासाहेब, बापू, दीपकआबा आणि आता बाबासाहेब, मतपत्रिका वाचतोय की लग्नपत्रिका, असा प्रश्न बाहेरच्याला पडावा.)

पण त्याच शिस्तीची २०१९ साली परीक्षा झाली. पक्षाने आधी घराबाहेरच्या कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं. कार्यकर्ते बिथरले, नाव मागे घ्यावं लागलं आणि गणपतरावांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. ते ७६८ मतांनी पडले. घराणेशाही वरून लादली जाते असं आपण म्हणतो. इथे ती खालून मागून घेतली गेली. डाव्या विचारांच्या पक्षाला ही गोष्ट टोचायला हवी होती. तशी ती टोचल्याचं दिसलं नाही.

मग २०२२चा जून आला. शिवसेनेतल्या बंडात सामील झालेल्या बापूंनी गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर केलेलं झाडी-डोंगराचं वर्णन महाराष्ट्रभर पोचलं. ज्याला सांगोला नकाशावर दाखवता आला नसता, त्यालाही सांगोल्याचा आमदार माहीत झाला. आणि २०२४ला हेच बापू २५,३८६ मतांनी हरले. गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. राज्यभरात शेकापचा तो एकमेव आमदार.

निकालानंतर लगेच ठरलेला अर्थ निघाला: मतदारांनी गुवाहाटीचा हिशेब चुकता केला. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. गुवाहाटीला गेलेले कितीतरी आमदार त्याच निवडणुकीत आरामात परत आले. सांगोल्यात फरक पडला तो तिसऱ्या उमेदवाराने. दीपकआबा साळुंखे २०१९ला बापूंच्या बाजूने होते. २०२४ला ते शिवसेनेच्या ठाकरे गटाची मशाल घेऊन स्वतःच उतरले आणि पन्नास हजारांवर मतं घेऊन गेले. त्यातली सगळी बापूंची नसतील, काही महाविकास आघाडीची म्हणून पडली असतील. तरी बापूंची आणि दीपकआबांची मतं एकत्र केली तर बाबासाहेबांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. आघाडीने ही जागा शेकापला सोडली नाही म्हणून तेव्हा बरीच आदळआपट झाली होती. प्रत्यक्षात तिथे मशालीचा उमेदवार उभा राहणं शेकापच्याच पथ्यावर पडलं, असं आकडे पाहून वाटतं.

याचा अर्थ बाबासाहेबांचा विजय फुकटचा नव्हे. लाखावर मतं कुणी मत विभागणीच्या भरवशावर गोळा करत नाही. आजोबांचा गट त्यांनी पराभवानंतरही पाच वर्षं सांभाळला, आणि दोन चुलतभावांतली चुरस मतपेटीपर्यंत जाऊ दिली नाही. अनेक बड्या घराण्यांना हे जमलेलं नाही. मात्र पुढच्या खेपेला बापू आणि दीपकआबा पुन्हा एका गाडीत बसले, तर आडनाव पुरणार नाही. सूतगिरणीसारखं स्वतःच्या नावावर काहीतरी दाखवावं लागेल, आणि त्याची सुरुवात तिकीटवाटपाच्या आठवड्यात करता येत नाही.