रद्दीवालासुद्धा नको म्हणाला!

माझ्या आयुष्यात अपमानाचे प्रसंग पुष्कळ आले. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला ते वेगळे मोजावे लागत नाहीत, पगारातच धरलेले असतात. पण गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या मुलुंडच्या रद्दीवाल्यानं जो अपमान केला, तो मात्र जिव्हारी लागला.

त्याचं असं झालं. सौ.नं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायचं ठरवलं. ठरवलं तिनं, स्टुलावर चढलो मी. आमच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे. ट्रंकेत एकतीस व्हिडिओ कॅसेटी, दोनशेच्या वर व्हीसीडी, शंभरेक डीव्हीडी आणि एक मयत व्हीसीआर निघाला. रद्दीवाल्यानं एक कॅसेट उचलली, कलिंगड बघावं तशी कानाशी नेऊन हलवली आणि खाली ठेवली.

"साहेब, पेपर द्या, ट्रंक द्या. ह्याचं काय येत नाय."

"फुकट नेतोस?"

"फुकट पण नको. टाकायला लांब जावं लागतं."

ज्या वस्तूंवर मी आयुष्यातले पहिले चार पगारवाढीचे हप्ते उधळले, त्या वस्तू फुकटसुद्धा नकोत! सौ. काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा आवाज पार मिठागर रोडपर्यंत गेला असावा.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ही हकिकत सांगितली आणि शाखेत यादवी माजली. क्लिअरिंगमधले एक ज्येष्ठ गृहस्थ पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. ते म्हणाले, "खरी मजा बीटामॅक्सची. व्हीएचएस म्हणजे गर्दीचा माल." आमचे हेडकॅशियर ब्ल्यू-रे पंथाचे. त्यांच्या मते डीव्हीडीवर सिनेमा बघणं म्हणजे चष्मा काढून लग्न लावणं. आणि नव्यानं लागलेला अधिकारी, वय वर्षं चोवीस, मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "सर, पण ठेवायचंच कशाला? सगळं क्लाऊडवर आहे."

ढगावर! अरे बाबा, मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला ढगावर विश्वास ठेवायला सांगतोस? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्या रात्री मी रुळांवरून चालत घरी आलो. तेव्हापासून ढगावर मी छत्रीसुद्धा ठेवत नाही.

तर वाचकहो, ह्या तिन्ही पक्षांचं म्हणणं मी ऐकून घेतलं आहे, आणि बी.कॉम. सेकंड क्लासच्या पूर्ण अधिकारानं निकाल देतो की तिघंही चुकताहेत. कोणता फॉरमॅट चांगला, हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. वस्तू कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न.

आधी थोडा इतिहास. सोनीनं १९७५ साली बीटामॅक्स काढलं, जेव्हीसीनं १९७६ साली व्हीएचएस. बीटामॅक्सचं चित्र किंचित सरस होतं, कॅसेटही आटोपशीर. पण पहिली बीटा कॅसेट तासाभरात संपायची आणि व्हीएचएस दोन तास चालायची. शिवाय जेव्हीसीनं आपलं तंत्र इतर कंपन्यांनाही मोकळ्या हातानं वापरू दिलं. आपल्याकडे आलेली ई-१८० कॅसेट तर तीन तासांची होती. तीन तास म्हणजे नायक-नायिकेची भेट, सहा गाणी, हरवलेला भाऊ आणि कोर्टातला साक्षीपुरावा, सगळं एका कॅसेटीत! हिंदी सिनेमाच्या देशात बीटामॅक्सचं काय चालणार? हुशार पोरगा मागे पडतो आणि डबा मोठा असलेला पुढे जातो, हे मी बँकेतही पाहिलं आहे.

१९८२ साली एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. आमच्या लहानपणी कोणाकडे बारसं असो, पूजा असो, रात्रभराच्या भाड्यानं व्हीसीआर यायचा, सोबत चार कॅसेटी. भाडं रात्रीचं असल्यामुळे झोपणं म्हणजे नुकसान. पहाटे चौथा सिनेमा लागे तेव्हा अर्धी चाळ भिंतीला टेकून घोरत असे आणि आमचे बाबा एकटे ताठ बसून बघत. "पैसे दिलेत," एवढंच म्हणत.

मग १९९३ साली व्हीसीडीचं मानक ठरलं. एका चकतीत चौऱ्याहत्तर मिनिटं, म्हणजे एका सिनेमाला दोन चकत्या, लांबला तर तीन. पहिली चकती संपायची ती बरोब्बर गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात. मग डीव्हीडी आली. तिच्यात जगाचे प्रदेश पाडलेले. अमेरिका एक नंबरात, आपण पाचात. अमेरिकेहून चुलतभावानं हौसेनं आणलेली डीव्हीडी आमच्या यंत्रात घातली तर यंत्रानं तिला व्हिसा नाकारला. २००७ च्या सुमारास मोसर बेअर कंपनीनं अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा मी स्टेशनबाहेर भाजी घ्यावी तसे सिनेमे घेतले. (भाजी विसरलो. त्याचा जाब अजून सुरू आहे.) पुढे ती कंपनीही दिवाळ्यात गेली आणि २०१८ साली तिच्या अवसायनाचा हुकूम निघाला. ह्यावरून सौ.नं काढलेला निष्कर्ष इथे देत नाही.

हे सगळं खरं असलं, तरी त्या प्रत्येक वस्तूत एक गोष्ट सारखी होती. ती माझी होती. आमच्या परीक्षांना १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट होता. त्यातला 'धारक' हा शब्द मला फार आवडे. बेअरर चेक ज्याच्या हातात, पैसे त्याचे. कॅसेट म्हणजे कायद्यानं नव्हे, पण स्वभावानं तसलाच कागद. ती हातात असली की मला कोणाची परवानगी लागत नाही. मी ती दहादा बघीन, शेजाऱ्याला देईन. शेजारी ती परत देणार नाही, तो भाग वेगळा. पण ती शेजाऱ्याकडे आहे हे तरी मला ठाऊक असतं.

आता ढगाकडे वळू. तीन वर्षांपूर्वी मी एका ॲपवर एक जुनं मराठी नाटक घेतलं. 'भाड्यानं' आणि 'विकत' अशी दोन बटणं होती. मी जास्त पैसे मोजून 'विकत' दाबलं. गेल्या गणपतीत पाहुण्यांना गोळा करून, दिवे मालवून, टीव्ही लावला तर नाटक गायब. फोन केला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "सर, तो कंटेंट आता आपल्या प्लॅटफॉर्मवर उपलब्ध नाही."

वाचकहो, जरा कल्पना करा. एखादे पेन्शनर आजोबा मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या काउंटरवर आले आणि मी मधाळ आवाजात म्हणालो, "आजोबा, आपली ठेव आता आमच्या प्लॅटफॉर्मवर उपलब्ध नाही," तर काय होईल? काठी काचेवर बसेल आणि मग माझ्यावर. आणि ती बसणं योग्यच आहे! एका क्लार्कला जे बोलण्याची सोय नाही, ते एवढाल्या कंपन्या खुशाल बोलतात. आणि आम्ही काय करतो? पुढल्या महिन्याची वर्गणी भरतो.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नव्हे. २००९ साली ॲमेझॉननं वाचकांनी पैसे मोजून घेतलेली दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण पुसलेल्यांतलं एक पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४', ज्यात सरकार जुने कागद पुसून टाकत असतं! एवढा विनोद आम्हां विनोदी लेखकांना जन्मात सुचणार नाही. शेवटी कॅलिफोर्नियानं २०२४ साली कायदाच केला की, परवाना देत असाल तर तसं सांगा, नुसतं 'विकत' म्हणून गिऱ्हाइकाला फसवू नका. आमची मागणीही तेवढीच आहे. भाड्याला भाडं म्हणा. उपनगरातला माणूस भाड्याला घाबरत नाही, आमची अर्धी हयात अकरा महिन्यांच्या करारावर गेली आहे. पण भाड्याच्या खोलीला ओनरशिप म्हणून विकू नका.

इथवर वाचून आमचे हेडकॅशियर मिशीतल्या मिशीत हसत असतील. हसू नका साहेब, आता तुमची पाळी. हातातली वस्तूही टिकत नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत लागला. त्याच्या प्रती होत्या, रिळं होती, डबे होते. आज एकही प्रत सापडत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली, तोवर किती सिनेमे गेले त्याला गणती नाही. काही जळाले, काही कुजले, काहींची रिळं तर त्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली. म्हणजे त्या काळचा रद्दीवाला निदान नाही तरी म्हणत नव्हता! आणि वस्तू टिकली तर यंत्र मरतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ साली थांबली. सोनीनं घरी भरायच्या कोऱ्या ब्ल्यू-रे चकत्या बनवणं २०२५ साली बंद केलं. किल्ली हरवलेलं लॉकर कितीही आपलं असलं, तरी त्याला हार घालण्यापलीकडे काय करणार?

हे मला कळलं ते एका कॅसेटीमुळे. ताईच्या लग्नाची, १९९१ सालची. बाबा २००४ साली गेले. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, सही आहे, पासबुकं आहेत. आवाज मात्र एकाच ठिकाणी आहे, त्या कॅसेटीत. गर्दीतून बाबा पुढे येतात, कॅमेऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, "अरे, ह्या व्हिडिओवाल्याला कोणी जेवायला बसवलं का?" बस्स. अकरा सेकंद. माणूस एवढा जगला, आणि शिल्लक काय, तर अकरा सेकंदांची काळजी, तीही एका अनोळखी माणसाच्या जेवणाची.

२०११ साली आईनं ती कॅसेट बघायला मागितली. यंत्र बंद, आणि मुंबईच्या दमट हवेनं फितीवर पांढरी बुरशी धरलेली. लॅमिंग्टन रोडला चार रविवार हिंडलो तेव्हा एक कारागीर भेटला. त्यानं फीत साफ केली, डीव्हीडी करून दिली. आम्ही निर्धास्त झालो. आठ वर्षांत ती डीव्हीडी अडखळायला लागली. बाबा "व्हिडिओवाल्याला" म्हणायचे आणि तिथेच थिजायचे. तेव्हा मी शहाणा झालो. आता त्या अकरा सेकंदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे, एक संगणकावर, एक नाशिकला ताईकडे. आणि एक भाच्यानं ढगावर ठेवली आहे. ठेवू दे. ढगालाही एक प्रत द्यावी. पण एकच, आणि पावती घेऊन.

तुकोबांचे अभंग इंद्रायणीनं परत दिले अशी श्रद्धा आहे. ती असो. पण ते तोवर किती तरी जणांच्या ओठांवर होते, हेही खरंच. जे एकाच ठिकाणी असतं ते जातं, मग ते ठिकाण ट्रंक असो की ढग. तेव्हा भांडायचंच असेल, तर बीटामॅक्स मोठं की ब्ल्यू-रे ह्यावर भांडू नका. आपल्या घरची कॅसेट यंत्र मिळतंय तोवर उतरवून घ्या, चार जणांकडे ठेवा. आणि विकत घेतलेलं आपल्या हाती द्या म्हणून कंपन्यांशी भांडा.

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. स्टूल सौ.नंच धरलं आणि काही बोलली नाही. ह्या वेळचं न बोलणं निराळं होतं.

मागच्या रविवारी रद्दीवाला पेपर न्यायला आला. तागडी बाजूला ठेवून हळूच म्हणाला, "साहेब, तो तुमचा लॅमिंग्टन रोडवाला अजून बसतो का? माझ्याकडं पण एक कॅसेट हाय. गावाकडली. आई हाय तिच्यात."

मी पत्ता लिहून दिला. त्या दिवशी माझी रद्दी नेहमीपेक्षा पाऊण किलो जास्त भरली.