धावपट्टी झाली म्हणून विमान टिकत नाही

बागायतदार बंधूंनो, रत्नागिरीहून प्रवासी विमान सुरू झालं की हापूसला सोन्याचे दिवस येतील, असं गावोगावी ऐकू येतं. पण विमान कंपनीचा हिशेब टेम्पोवाल्यासारखाच असतो. गाडी भरलेली असो वा रिकामी, डिझेल जळायचं तेवढं जळतंच. म्हणून जाता-येता, बारमाही किती खुर्च्या भरतील हे कंपनी आधी बघते.

शेजारच्या चिपीचंच घ्या. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी 'उडान' योजनेतून तिथे मुंबईचं विमान सुरू झालं. या योजनेत ठरावीक खुर्च्यांच्या भाड्याला मर्यादा असते आणि कंपनीची तूट अनुदानातून भरून निघते, पण तीनच वर्षं. त्यातच २०२३ च्या जानेवारीत जवळचा मोपा विमानतळ सुरू झाला. २०२४ मध्ये चिपीची मुदत संपली आणि ती मुंबई सेवा थांबली.

आपला आंबा दोन-अडीच महिन्यांचा. पावसाळ्यात खुर्च्या कोण भरणार? शिवाय लहान विमानात प्रवाशांचं सामान ठेवल्यावर पेट्यांना जागा ती किती उरणार? वाशीला ट्रक रात्रीत पोचतो. तेव्हा विमानाच्या भरवशावर कर्ज काढू नका. सरपंच-ग्रामसेवकांनीही विमानाची घोषणा ऐकली की एकच विचारावं: अनुदान संपल्यावर काय?