बाटली आडवी झाली, माणसाचे काय?

महाराष्ट्रातील दारूविरोधी चळवळीचा इतिहास हा प्रामुख्याने स्त्रियांच्या लढ्याचा इतिहास आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती गावोगावच्या आंदोलनाच्या रेट्याने. चंद्रपूरच्या स्त्रियांनी अशाच लढ्याने २०१५ साली बंदी मिळविली. अवैध दारू वाढल्याचे कारण देत सरकारने ती २०२१ साली उठविली. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानाने कित्येक गावांतील दुकानांना कुलपे लागली. या लढ्यांचे मोल मोठे आहे. तथापि एक प्रश्न चळवळीने पुरेशा गांभीर्याने स्वतःला विचारलेला नाही. दुकानाला कुलूप लागले त्या रात्री गावातील व्यसनी माणसाचे काय झाले?

त्याचे उत्तर कोणत्याही वस्तीत मिळेल. तो हातभट्टीचा रस्ता धरतो, नाही तर घरात थरथरत पडून राहतो. दुकान हा शत्रू आहे. पण त्याच्या दाराशी उभा असलेला माणूस शत्रू नव्हे. तो बहुधा श्रमिक असतो, कधी युनियनचा सभासद असतो, आणि कधी स्वतः कार्यकर्ताही असतो.

हा शेवटचा उल्लेख अनेकांना बोचेल, परंतु तो टाळून चालणार नाही. ‘माणूस लाखमोलाचा, फक्त तेवढे एक आहे,’ हे वाक्य कोणत्या संघटनेत ऐकू येत नाही? सहकारी त्याच्या गैरहजेरीवर पांघरूण घालतात, उसने पैसे देतात, सभेत त्याची जीभ अडखळली तर माईक दुसऱ्याच्या हाती देतात. याला सारे सहानुभूती समजतात. प्रत्यक्षात ही सहानुभूती आजाराला वाढण्यासाठी वेळ मिळवून देते. पुढे यकृत निकामी होते, शोकसभा भरते, आणि त्या सभेतही खरे कारण कोणी उच्चारीत नाही.

दारूचे अवलंबित्व हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. त्याची लक्षणे ओळखण्यास डॉक्टरच हवा असे नाही. पूर्वीइतक्या दारूने भागेनासे होते. पिणे लपविले जाते, त्यासाठी खोटे बोलले जाते. सोमवारची दांडी नित्याची होते. रात्री काय बोललो, काय केले हे सकाळी आठवत नाही. जेवण तुटते, झोप उडते. सकाळी हात कापतात आणि घोट पोटात गेल्यावरच स्थिरावतात. हे शेवटचे लक्षण दिसले की ‘मनात आणले तर उद्या सोडीन’ या शब्दाचा भरवसा धरू नये.

अमेरिकेतील डॉ. जॉन यूइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार साधे प्रश्न आजही जगभर वापरले जातात. पिणे कमी करावे असे कधी वाटले काय? कोणी पिण्यावरून बोलले तर राग येतो काय? पिण्याबद्दल अपराधी वाटते काय? सकाळी उठताच घोट लागतो काय? दोन वा अधिक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर तपासणीस विलंब करू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; त्यानंतर भ्रम होऊन जिवावरही बेतते. देवळात शपथ घालणे किंवा खोलीत कोंडून ठेवणे हा म्हणूनच उपाय नव्हे. माणसाला न कळविता जेवणात औषध कालविणे तर उघड धोक्याचे आहे. असे काही औषध पोटात असताना दारू प्यायल्यास प्राण जाऊ शकतो. सोडविण्याचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेला पाहिजे.

मदत उपलब्ध आहे. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानावे, त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घ्यावे, हा धडा त्या संस्थेने महाराष्ट्राला दिला. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा आज अनेक शहरांत भरतात, तेथे शुल्क नाही, आणि नावही गुप्त राहते. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

परंतु हे पुरेसे आहे काय? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि सुमारे पावणेसहा कोटींना तिच्यामुळे मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. दारूवरील कराने तिजोरी भरणाऱ्या सरकारांना हा आकडा लाजविणारा आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेच पाहिजेत, ही मागणी दारूबंदीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली गेली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. प्रत्येक शाखेने जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता ठाऊक करून घ्यावा. सहकाऱ्याशी तो शुद्धीवर असताना, एकांतात, उपदेश न करता बोलावे. त्याच्या पत्नीचे म्हणणे आधी ऐकावे. उपचारांच्या काळात त्याच्या घरची चूल पेटती राहील याची तजवीज करावी. तो परत आल्यावर त्याला काम द्यावे, आणि तो पुन्हा घसरला तर पुन्हा घेऊन जावे. कारण या आजारात घसरणे म्हणजे शेवट नव्हे. मोर्चात ज्याच्या खांद्याला खांदा लावला, त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या पायऱ्या चढणे हेही चळवळीचेच काम आहे.