सारखं दिसतं म्हणून...

परवा बाबांच्या लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडायला बसलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षरांचा त्यांना त्रास होतो. त्यापायी घराण्याची वंशावळ टाइप करायचं काम अर्ध्यावर थांबलंय. यूएसबी-सी केबल आणली, खटकन बसली. पण मॉनिटरवर "नो सिग्नल"!

मी पटकन विचारलं, "बाबा, तुम्ही काही दाबलंत का?"

"असेल रे. मला नाही हे जमत," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. यूएसबी-सीचे पोर्ट दिसायला सारखे, पण प्रत्येकातून चित्र बाहेर पडतंच असं नाही. त्यासाठी 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' असावा लागतो. काही केबली तर नुसत्या चार्जिंगच्या. आयबीएमने १९८७ साली आणलेला १५ पिनांचा व्हीजीए आठवतो? बोजड, दोन्ही बाजूंना स्क्रू, पण त्याचं काम एकच, चित्र दाखवणं. फसवाफसवी नाही.

शेवटी शेजारच्या पोर्टला एचडीएमआय केबल लावली, विंडोजचं बटण आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडलं, अक्षरं मोठी केली. बाबांना हाक मारली. पणजोबांचं नाव त्यांनी चष्मा न चढवता वाचलं.

पोर्टमधून काय मिळतं ते कंपन्यांनी पोर्टशेजारीच ठळक छापावं, एवढं माझं स्पष्ट मत. नाहीतर घोळ यंत्राचा आणि कमीपणा म्हाताऱ्या माणसाला. कंपन्या छापतील तेव्हा छापतील... "काय दाबलंत?" हा प्रश्न मात्र मी आजपासून बंद केलाय.