कचरा परत आणला, तरीही

डोंगरात तंबू ठोकणाऱ्यांमध्ये अलीकडे एक समजूत पक्की होत चालली आहे: आपण नेलेलं प्लास्टिक आपणच परत आणलं की आपला निसर्गाला काही त्रास नाही. ही सवय चांगलीच आहे. पण ती पुरेशी आहे, हे मला साफ अमान्य आहे. अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यच घ्या. मे अखेरीस, पाऊस तोंडावर आला की भंडारदरा-घाटघर परिसरातली हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. ते चमकणं ही नराने मादीला घातलेली साद असते आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं. त्यात गाड्यांचे दिवे, हेडलॅम्प आणि मोबाइलच्या फ्लॅशचा झोत पडला की ती साद दिसेनाशी होते. मीलनानंतर अंडी पडतात ती ओलसर मातीत आणि अळ्याही तिथेच, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन महिनोन्महिने वाढतात. त्या झाडाखाली तंबू लावणारा माणूस चॉकलेटचा कागदही न टाकता पुढल्या वर्षीचे काजवे तुडवून जातो. शेकोटीचंही तेच. सुकं लाकूड कोणाच्या उपयोगाचं नाही असं आपण धरून चालतो. पण भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि बुरश्या त्यावरच जगतात.

मग जायचंच नाही का? जावं, पण मुक्काम कुठे करायचा हे आधी ठरवावं. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक डेव्हिड कोल यांनी ओरेगनमधल्या ईगल कॅप अरण्यातल्या मुक्कामाच्या जागा तपासल्या. क्वचित वापरल्या जाणाऱ्या जागाही बऱ्याच उजाड झालेल्या आढळल्या. वापर वाढला तरी नुकसान त्या पटीत वाढलेलं नव्हतं. म्हणजे गर्दी टाळण्यासाठी कोरी हिरवळ शोधणारा हौशी भटक्याच अनेकदा जास्त हानी करतो. आधीच उघडी पडलेली जमीन, गावातलं अंगण किंवा खळं ही आपली जागा. शौचासाठी पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खोल खड्डा खणावा असा दंडक आहे. पण हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर कातळावर मातीचा थर इतका पातळ की हा दंडक पाळायचा कुठे? पावसात सगळं वाहून खाली पाण्याकडेच येतं. म्हणून मुक्काम पायथ्याच्या पाचनई गावात करावा आणि गड दिवसा पाहावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

गावकरीही लाकूड तोडतात, गुरं चारतात, मग आम्हालाच का अडवता, असा प्रश्न हमखास येतो. गावाचा वावर वर्षभर, ठरलेल्या वाटांवर पसरलेला असतो. आपला मात्र काजव्यांच्या मीलनकाळातल्या दोन-चार शनिवार-रविवारी, त्याच मोजक्या झाडांखाली एकवटतो. रोजगाराचा आक्षेप अधिक गंभीर आहे. इथल्या महादेव कोळी वस्त्यांना या हंगामात चार पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण त्यासाठी तंबू झाडाखालीच हवा असं नाही. भाकरी-पिठल्याचं जेवण, घरातला मुक्काम, अंधारात लांबूनच काजवे दाखवणारा गावचा वाटाड्या, या सगळ्याचे पैसे थेट घरात जातात. शिवाय काजवे टिकले तरच पुढच्या जूनमध्ये त्या घरी पाहुणे येतील.