मानेचं ऑपरेशन झालं, आता मोरी बघा

घरातल्या कुणाच्या मानेच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं की एक प्रश्न दबक्या आवाजात फिरू लागतो. यानंतर माणूस किती वर्षं काढेल? डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. मग शेजारच्या काकूंना विचारलं जातं, आणि काकू कुणाच्या तरी चुलत सासऱ्यांची गोष्ट सांगून अख्खं घर घाबरवून सोडतात.

ती भीती आधी बाजूला ठेवा. मणके झिजून मज्जारज्जू दबला म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनात जीव जाण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं. वय फार असेल, हृदय किंवा फुप्फुसं आधीच थकलेली असतील, तर धोका वाढतो. तो किती, हे डॉक्टरांनाच सरळ विचारा. एकदा माणूस नीट घरी आला, की पुढची वर्षं मानेत बसवलेल्या प्लेटवर आणि स्क्रूवर फारशी अडून राहत नाहीत. ती ठरतात साखरेवर, रक्तदाबावर, तंबाखूवर आणि मोरीतल्या ओल्या फरशीवर.

मोरी म्हटलं म्हणून हसू नका. मज्जारज्जू दबलेल्या माणसाचे पाय आधीच बेभरवशाचे झालेले असतात. चालताना चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळतही नाही. शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात. ऑपरेशनचा पहिला हेतू हे दुखणं आणखी वाढू नये, एवढाच असतो. सुधारणा होते, ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात. काहींची थोडी कसर कायमची राहते. शिवाय मान पूर्वीसारखी वाकत नाही, म्हणून पायाखालचं दिसत नाही. अशा माणसाला पाडायला एक पायपुसणंसुद्धा पुरतं.

माझ्या मामांसाठी घरच्यांनी सगळं आणलं होतं. नवी गादी, नवी उशी, हातांची खुर्ची. मोरीत धरायला दांडी मात्र कुणी बसवली नाही. मामा नळाला धरून उठायचे. एक दिवस नळच हातात आला. नशीब, मागे भिंत होती.

म्हणून माणूस घरी यायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा घरभर फिरा. सुटी पायपुसणी उचला. मोरीत आणि संडासात भिंतीला पक्की दांडी बसवून घ्या. उकिडवं बसणं जमत नसेल तर कमोडची खुर्ची आणा. रात्री लघवीला उठावं लागतं, तेव्हा वाटेत एक छोटा दिवा जळत राहू द्या. उंबरठ्यावर पांढरा रंग ओढा. पायात मागून पट्टा असलेली चप्पल द्या. थोडा खर्च आहे, पण म्हातारपणी मानेवर पडणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तो खर्च वाटत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत जेवणाकडे लक्ष द्या. गळ्याच्या पुढून ऑपरेशन झालं असेल तर गिळायला त्रास होतो. बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. तोवर मऊ भात, खिमट, पातळ वरण द्या. बसवून द्या, घास लहान ठेवा, घास तोंडात असताना बोलायला लावू नका. वारंवार ठसका लागला तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तो जड जातो.

गळा सुजला, श्वास कोंडू लागला, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. हात किंवा पाय नव्याने लुळा वाटला, लघवी अडली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तंबाखू बंद. मणके एकमेकांना जुळायला काही महिने लागतात आणि तंबाखूने ते जुळणं रखडतं. हृदयाचं नुकसान होतं ते वेगळंच. आणि ताई, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे.

आणखी एक गोष्ट घरोघर होते. मानेच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात आणि साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या मागे पडतात. ऑपरेशननंतर आठ-दहा वर्षांनी माणूस जातो तो बहुतेक वेळा मानेमुळे नाही, हृदयविकारासारख्या दुसऱ्याच आजाराने. डॉक्टरांनी चालायला सांगितलं की रोज चालवा. लोळवून ठेवणं ही माया नव्हे.

अपघातात मान मोडून हातपाय गेले असतील, तर त्या घराची लढाई वेगळी आहे. तिथे शत्रू तीन: पडून राहिल्याने होणारी पाठीची जखम, लघवीतला जंतू आणि छातीतला कफ. पूर्वी असे रुग्ण काही महिन्यांतच जायचे. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे डॉ. लुडविग गटमन यांनी १९४४ पासून जखमी सैनिकांची दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायला लावली आणि लघवीची स्वच्छता काटेकोर पाळली. माणसं जगू लागली. कूस बदलायला डॉक्टर लागत नाही. घरात पाळ्या लावा, गजर लावा. आणि सगळं एकट्या सुनेवर टाकू नका.

दोन-चार वर्षं बरी गेली, तरी मान कायमची सुटली असं समजू नका. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पुढून ऑपरेशन झालेल्यांपैकी दर वर्षी शंभरात सुमारे तिघांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू झाला होता. म्हणून बटणं पुन्हा अडू लागली, चप्पल पुन्हा निसटू लागली, तर त्याला वय झालं म्हणू नका. दाखवून या.

डिस्चार्जचे कागद आणि प्लेटची माहिती एका पिशवीत ठेवा. पुढे मोतीबिंदू असो की हर्निया, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की मान जुळवलेली आहे. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते आणि न वाकणारी मान त्यांना आधी माहीत असावी लागते. एमआरआय करणाऱ्यालाही सांगा.

आणि ऑपरेशन तुमचंच झालं असेल, तर रविवारी दाढी-कटिंगला गेलात की खुर्चीत बसतानाच न्हाव्याला बजावा. केस काप, चंपी नको, मान कडकन मोडायची तर अजिबात नाही. तो हसेल, म्हणेल काही होत नाही साहेब. तुम्ही उठून दुसऱ्या दुकानात जा.