युरियाचा भाव आणि मातीची गरज

शेतीच्या उत्पादनवाढीची चर्चा महाराष्ट्रात बहुधा बियाणे, पाऊस, पाणी आणि बाजारभाव यांच्याभोवती फिरते. मातीची आठवण होते ती खरिपाच्या तोंडावर खताची टंचाई भासून कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या म्हणजे, आणि पेरण्या उरकल्या की तीही मावळते. वास्तविक कोणत्या जमिनीत कोणते अन्नद्रव्य किती आहे, त्यातले पिकाच्या मुळांना किती मिळू शकते आणि उरलेले बाहेरून किती व कसे द्यावे, याविषयी भारतात अर्धशतकाहून अधिक काळ सातत्याने संशोधन झाले असून त्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचा वाटा मोलाचा आहे. हे ज्ञान बांधापर्यंत पोहोचत नाही याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडण्याची सवय शासनयंत्रणेला जडली आहे. प्रत्यक्षात खतांचे जे भाव शासन स्वतः ठरवते ते संशोधनाच्या नेमके विरुद्ध सल्ला देतात, आणि कर्जावर पेरणी करणारा शेतकरी शास्त्रज्ञाच्या पत्रकापेक्षा भावाचे ऐकतो यात त्याचा दोष काढता येणार नाही.

पिकाची वाढ ही जमिनीत सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्याने अडवलेली असते, बाकीची कितीही भरपूर असली तरी ती उणीव भरून निघत नाही, हे तत्त्व जर्मनीतील कार्ल स्प्रेंगेल यांनी 1828 च्या सुमारास मांडले आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांनी ते सर्वदूर नेले. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे 1843 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने त्याला शेतातला पुरावा दिला. त्याच धर्तीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1970 मध्ये देशातील निरनिराळ्या मृदाप्रकारांवर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. एका तुकड्याला फक्त नत्र, दुसऱ्याला नत्र व स्फुरद, तिसऱ्याला त्यांच्यासोबत पालाश, चौथ्याला या तिन्हींसह शेणखत, आणि एक तुकडा काहीच न देता राखलेला, अशी मांडणी करून त्याच तुकड्यांवर वर्षानुवर्षे तीच मात्रा द्यायची, हे या प्रयोगांचे स्वरूप आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूरच्या आम्लधर्मी जमिनीत केवळ युरियातून नत्र मिळालेल्या तुकड्यांवर मका आणि गहू यांचे उत्पादन घटत घटत शून्यावर आले. ज्या तुकड्यांना संतुलित रासायनिक खतांसोबत शेणखत मिळाले तेथे उत्पादन टिकले आणि वाढलेही. अकोल्यात ज्वारी-गहू आणि परभणीत सोयाबीन-करडई या पीकपद्धतींवर असेच प्रयोग चालू आहेत, आणि त्यांचा कौलही संतुलित खते व शेणखत यांच्या जोडीलाच मिळाला आहे.

पालमपूरइतका सर्वनाश विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत दिसत नाही, आणि हीच या जमिनीची फसवी बाजू आहे. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात चुनखडीही असते, त्यामुळे युरियातून आम्ल तयार झाले तरी ते मुरते आणि जमिनीचा सामू, म्हणजे तिची आम्लता किंवा विम्लता दाखवणारा अंक, सहसा ढळत नाही. जमीन सोसत राहते, उत्पादन एकाएकी कोसळत नाही, आणि दरवर्षी तेवढेच पीक काढण्यासाठी थोडे जास्त खत टाकावे लागते एवढेच शेतकऱ्याच्या लक्षात येते. मात्र ज्या चुनखडीमुळे ही जमीन सोशीक बनते तीच अन्नद्रव्यांना कुलूप घालते. दिलेल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणाऱ्या रूपात अडकतो आणि पहिल्या पिकाला त्यातला साधारण 15 ते 20 टक्केच भाग मिळतो. जस्त आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाहीत, म्हणून खोडव्याच्या उसावर केवडा पडतो, म्हणजे पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा-पांढरा होतो. आणि विम्लधर्मी जमिनीच्या पृष्ठभागावर फेकलेला युरिया ओलावा मिळताच विघटित होऊन त्यातले नत्र अमोनिया वायूच्या रूपाने हवेत जाते. अशा जमिनीत खत किती दिले यापेक्षा ते कोणत्या रूपात, किती खोल आणि केव्हा दिले हे अधिक निर्णायक ठरते. फेकून दिलेले खत आणि पेरून दिलेले खत यांचा भाव दुकानात एकच असला, तरी पिकाच्या लेखी ती दोन वेगळी खते आहेत.

गंधकाची कहाणी या संदर्भात फार बोलकी आहे. सोयाबीन, भुईमूग, करडई या तेलबियांना तेल आणि प्रथिने घडवण्यासाठी गंधक लागते. सिंगल सुपर फॉस्फेट या जुन्या खतात स्फुरदाबरोबर सुमारे 11 टक्के गंधक असल्यामुळे पूर्वी त्याचा वेगळा विचार करावा लागत नसे. पुढे वाहतुकीला आणि वापराला सोयीचे, नत्र व स्फुरद एकाच गोणीत देणारे डीएपी लोकप्रिय झाले. त्यात गंधक नाही, आणि जमिनीला आपोआप मिळणारा गंधकाचा पुरवठा कोणी निर्णय न घेताच आटला. जस्ताचेही तेच झाले. पंतनगर येथे यशवंत नेने यांनी 1966 मध्ये भाताचा ‘खैरा’ रोग हा प्रत्यक्षात जस्ताच्या कमतरतेचा परिणाम असल्याचे दाखवून दिले होते. तरीही सूक्ष्म अन्नद्रव्ये, म्हणजे पिकाला अगदी थोड्या प्रमाणात पण अनिवार्यपणे लागणारी जस्त, लोह, बोरॉन यांसारखी मूलद्रव्ये, आजही पुष्कळ ठिकाणी चैनीची बाब मानली जातात. शेजारच्या कर्नाटकाने 2009 मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने ‘भूचेतना’ कार्यक्रम हाती घेतला, गावोगावचे मातीचे नमुने तपासले, जेथे जस्त, बोरॉन व गंधक कमी होते तेथे ती देण्याची व्यवस्था केली, आणि कोरडवाहू पिकांच्या उत्पादनात 20 टक्क्यांपासून 60 टक्क्यांपलीकडेही वाढ नोंदवली गेली. नवे धरण किंवा नवे वाण न लागता मिळालेली ही वाढ, ज्या राज्याची चार-पंचमांश शेती पावसावर आहे त्याने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आता भावाकडे वळावे. केंद्र शासनाने 1 एप्रिल 2010 पासून पोषणद्रव्याधारित अनुदान लागू केले, म्हणजे खतातील प्रत्येक अन्नद्रव्याच्या प्रमाणात अनुदान ठरवले. पण त्यातून युरिया वगळला. परिणामी 45 किलोची युरियाची गोणी सुमारे 266 रुपयांना आणि डीएपीची 50 किलोची गोणी 1,350 रुपयांना मिळू लागली. युरियात 46 टक्के नत्र असते, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर शेतकऱ्याला किलोभर नत्रासाठी जेमतेम 13 रुपये पडतात, तर डीएपीतील नत्राची किंमत वजा केल्यावर किलोभर स्फुरदासाठी 50 रुपयांहून अधिक मोजावे लागतात. सोयाबीन आणि तूर ही पिके आपल्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतले नत्र स्वतः मिळवतात, त्यांची खरी गरज स्फुरद, गंधक व जस्ताची असते. आणि शासनाची सर्वांत मोठी मेहेरनजर नेमकी नत्रावर आहे. त्यात काही ठिकाणी युरिया हवा असेल तर दुकानदार दुसरे एखादे नको असलेले उत्पादन गळ्यात मारतो, ज्याला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतात, आणि जस्त किंवा गंधकासाठी ठेवलेले चार पैसे तेथे संपतात. या भावरचनेने मातीचा तोल बिघडवला आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. युरियाचे अनुदान एका फटक्यात काढावे असा याचा अर्थ नाही, कारण त्याचा पहिला घाव अल्पभूधारकावर बसेल. परंतु तोच पैसा टप्प्याटप्प्याने युरियाच्या गोणीवरून काढून एकरी थेट साहाय्याच्या रूपाने शेतकऱ्याच्या हाती देणे आणि युरियालाही पोषणद्रव्याधारित अनुदानाच्या कक्षेत आणणे हा मार्ग उपलब्ध आहे, आणि तो टाळण्याचे कारण शास्त्रीय नाही, राजकीय आहे.

मृदा आरोग्यपत्रिका हे या असंतुलनावरचे शासकीय उत्तर. 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झालेल्या या योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा बारा बाबी तपासण्याचे ठरले, आणि हेतू निःसंशय चांगला होता. पण कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना असा निकष होता. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा सव्वा-दीड हेक्टरांच्या दरम्यान आहे. म्हणजे सातेक शेतकऱ्यांच्या हाती एकाच नमुन्यावरचा अहवाल. दख्खनच्या पठारावर एकाच गटात वरच्या अंगाला वीतभर खोलीची मुरमाड जमीन आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी जमीन असते. दोन्हींची सरासरी काढून केलेली शिफारस दोन्ही ठिकाणी चुकते. शिवाय मातीची खोली, पोत आणि पाणी धरून ठेवण्याची क्षमता या बाबी पत्रिकेत नाहीत, जरी कोरडवाहू शेतीत खताला प्रतिसाद मिळणार की नाही हे त्यांवरच ठरते आणि त्यांचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे.

याहून नेमके साधन 1967 पासून उपलब्ध आहे. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या अपेक्षित उत्पादनाच्या समीकरणांत एक क्विंटल धान्य तयार होण्यास लागणारे अन्नद्रव्य, मातीतून मिळणारा त्याचा भाग आणि खतातून व शेणखतातून मिळणारा भाग यांचे मोजमाप करून, शेतकऱ्याने ठरवलेल्या उत्पादनासाठी नेमके किती खत लागेल ते काढता येते. राहुरीच्या विद्यापीठाने राज्यातील अनेक पिकांसाठी अशी समीकरणे तयार केली आहेत. ती वापरायची तर त्या शेताचाच विश्वासार्ह माती अहवाल हाती हवा, आणि तो पेरणीपूर्वी हवा. कापणीनंतर येणाऱ्या अहवालाचा उपयोग फक्त आकडेवारीला होतो.

संशोधन शेतात उतरू शकते याचा पुरावा कोकणात आहे. तेथील जांभ्या जमिनी आम्लधर्मी, पाऊस 3,000 मिलिमीटरच्या घरात, आणि खाचरातल्या पाण्यावर फेकलेला युरिया काही पाण्याबरोबर वाहून, काही वायुरूपाने निघून जातो. डॉ. एन. के. सावंत यांनी यावर चारसूत्री भातशेतीची पद्धत मांडली: भाताचा पेंढा किंवा तुसाची राख जमिनीत परत घालावी, गिरिपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी सुमारे तीन टन गाडावा, रोपे 15 व 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावावीत, आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावी. चिखलाच्या त्या थरात प्राणवायू नसल्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात टिकते आणि मुळांना सावकाश मिळत राहते. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो खत, यातून 60 किलोच्या आसपास नत्र जाते, तर सर्वसाधारण शिफारस 100 किलोची आहे. याच तत्त्वावरचा ‘गुटी युरिया’ बांगलादेशात लाखो शेतकऱ्यांनी स्वीकारला. कोकणात मात्र मजुरांची टंचाई आणि वेळेवर न मिळणाऱ्या गोळ्या यांमुळे पद्धतीचा प्रसार अडखळला. गोळ्या खोचणारे हलके यंत्र आणि तालुक्याच्या ठिकाणी त्या बनवण्याची सोय यांवर होणारा खर्च युरियाच्या अनुदानापुढे नगण्य ठरेल.

या सर्वांच्या मुळाशी सेंद्रिय कर्बाचा प्रश्न आहे. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या वनस्पती व प्राणिज अवशेषांतून मातीत साठलेला कार्बन. तो जिवाणूंचे अन्न आहे, त्याच्यामुळे मातीची रवाळ रचना टिकते, ओल धरली जाते आणि अडकलेली अन्नद्रव्ये मोकळी होतात. त्याचे प्रमाण 0.5 टक्क्यांखाली गेले की जमीन या बाबतीत निकृष्ट समजली जाते, आणि राज्यातील फार मोठे क्षेत्र आज त्या रेषेखाली आहे. जनावरे घटली, शेणखत महागले हे खरे. पण हेक्टरी आठ-दहा टन पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या अजूनही पेटवल्या जातात. पाचट सरीतच कुजवण्यासाठी हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे, कारण पाचटात कर्ब पुष्कळ व नत्र थोडे असते आणि ते वरून न दिल्यास जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात. येथे युरिया हे जमीन घडवण्याचे साधन होते, हे रासायनिक खतांवर सरसकट बहिष्कार सुचवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली, भाताचे उत्पादन घसरले आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. दुसरीकडे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत नांगरणी टाळून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात. अशा प्रयोगांना विद्यापीठांनी निरनिराळ्या मृदाप्रकारांवर, दहा-वीस वर्षांच्या मोजमापासह, अकोला-परभणीच्या प्रयोगांशेजारी स्थान दिले पाहिजे.

त्यासाठी माणसे लागतात. कृषी विद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या आणि कृषी खात्यात क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या जागा मोठ्या संख्येने रिक्त आहेत, आणि दीर्घकालीन प्रयोग हे एक वर्ष खंड पडला तरी दुबळे होणारे काम आहे. भाव ठरवणे केंद्राच्या हाती असले, तरी या जागा भरणे, तालुक्याच्या प्रयोगशाळांना रसायने व तंत्रज्ञ देणे, चौकटीऐवजी शेताचा नमुना घेणे आणि रब्बीच्या काढणीनंतर एप्रिल-मेमध्ये घेतलेल्या नमुन्याचा अहवाल मृगाच्या आधी, किलोच्या कोष्टकात नव्हे तर गोण्यांच्या संख्येत, शेतकऱ्याच्या हाती देणे हे संपूर्णपणे राज्याच्या अखत्यारीत आहे. येत्या अर्थसंकल्पात कृषिमंत्र्यांनी या कामासाठी किती तरतूद केली आणि किती शेतांचे नमुने पेरणीपूर्वी तपासून दिले, याचा जिल्हावार हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा.